मापाचा मामला

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपासच्या एखाद्या अरुंद गल्लीत, कोणी गृहिणी ब्लाउज शिवावयास टाकते तेव्हा शिंपी तिची जी मापे वहीत टिपून घेतो त्यांची यादी लहानसहान नसते : उंची, खांदा, छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा आणि टक्स जेथे संपावयाचे तो बिंदू, अशी दहा मापे तो अवघ्या दोन मिनिटांत उरकतो, आणि एवढे करूनही ब्लाउज काखेत ओढू लागला किंवा पाठीवर फुगला, तर ती बाई निःसंकोचपणे पुन्हा दुकानाची पायरी चढते, शिंप्याशी चार शब्दांची हुज्जत घालते आणि बगलेची शिलाई उसवून पाव इंच सैल करून घेतल्याखेरीज घरी जात नाही. तीच बाई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात ब्रा घ्यावयास शिरली, की मात्र ‘कौनसा साइज होना, आपा?’ या दखनीतल्या प्रश्नावर तिच्या तोंडून एकच आकडा निघतो, ‘छत्तीस’, आणि तोही इतक्या हलक्या स्वरात की शेजारच्या गिऱ्हाइकास ऐकू जाऊ नये. दुकानदार फळीवरून पुठ्ठ्याचा खोका ओढतो, रंग विचारतो, वस्तू कागदात गुंडाळतो आणि व्यवहार मिटतो. जे वस्त्र लोकांना दिसते त्याला दहा मापे, आणि जे दिवसाचे बारा-चौदा तास अंगाला घट्ट चिकटून राहते, शरीराचा भार प्रत्यक्ष वाहते, त्याला अवघे एक. सर्व घोटाळ्याचे मूळ माझ्या मते या विषमतेत आहे.

शिवाजीनगर हे स्थळ या चर्चेस अनुरूप आहे, कारण वस्त्रव्यवहार हाच या पेठेचा पिढीजात धंदा. १८०९ साली इंग्रजांनी जुन्या बंगळूरच्या बाहेर लष्करी छावणी वसविली, तिच्या आश्रयाने जी बाजारपेठ वाढली त्या वस्तीला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत. केंपेगौडाची मूळ पेठ आणि ही छावणी यांचा कारभार दीर्घकाळ निरनिराळा चालला, आणि १९४९ साली दोहोंची एकच नगरपालिका झाली. वस्तीला पुढे मिळालेले महाराजांचे नाव या भूमीला उपरे म्हणता येणार नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या वतीने रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि बाल शिवाजीही जिजाबाईंसह काही काळ येथे राहून गेले. जुन्या पेठेत स्थायिक झालेले भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी घरात मराठी व उंबऱ्याबाहेर कानडी बोलत शिवणाचा आणि कापड रंगविण्याचा व्यवसाय करीत आले. छावणीच्या अंगास मात्र शिवणयंत्रामागे बहुधा दखनी उर्दू किंवा तमिळ ऐकू येते. १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिकेचा उंच मनोरा, बाउरिंग रुग्णालय, आणि पायी चालून सहज गाठता येणारी कमर्शियल स्ट्रीट, एवढ्या परिघात मॅचिंगचे अस्तर, हूक, लेस, रेशमी खण आणि परदेशी पाठवणीतून उरलेले तयार कपडे, सारे मिळते. मापाची फीत तर येथे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या गळ्यात असते.

आपल्याकडील स्त्रिया ब्रा येण्यापूर्वी काय वापरीत होत्या, हे ध्यानात घेतल्यास आजच्या अडचणीचे स्वरूप स्पष्ट होईल. कालिदासाच्या ऋतुसंहारात थंडीच्या दिवसांत स्त्रिया घट्ट कूर्पासक घालतात असा उल्लेख येतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही चोळी घातलेल्या स्त्रिया आहेत. परंतु आपल्या आज्यापणज्यांना परिचित असलेली चोळी म्हणजे बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डच्या खणाची, पुढे छातीखाली गाठ मारावयाची. तिच्याखाली निराळ्या वस्त्राची गरज नसे, कारण तिचे तुकडेच असे बेतलेले असत की गाठ आवळली म्हणजे छाती खालून आणि बाजूंनी धरली जाई. त्या गाठीत फार मोठी सोय होती. मासिक पाळीच्या आधी अंग जड झाले, बाळंतपणानंतर दूध आले, किंवा आजारपणाने शरीर वाळले, तरी गाठ तेवढी सैल अथवा घट्ट करावयाची. वस्त्राचे माप रोज सकाळी नव्याने ठरत असे, आणि ते ठरविणारी स्वतः नेसणारीच असे. विसाव्या शतकाच्या मध्यास शहरी घरांतून बटणांचा ब्लाउज आणि त्याखाली पांढऱ्या सुती कापडाची ‘बॉडी’ रूढ झाली, तेव्हा ही मुभा गेली आणि माप कारखान्याच्या स्वाधीन झाले. पाठीमागच्या हुकांच्या दोन-तीन रांगा एवढीच काय ती त्या गाठीची शिल्लक.

पश्चिमेकडे हे वस्त्र कॉर्सेटच्या जाचातून सुटण्याच्या धडपडीतून जन्मास आले. हेर्मिनी कादोल या फ्रेंच शिवणकर्तीने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात कॉर्सेटचे दोन भाग करून मांडले. वरचा भाग खांद्यावरील पट्ट्यांनी धरलेला होता. १९१४ साली न्यूयॉर्कमधील मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने, दोन रुमाल आणि फीत यांच्या जोरावर नृत्याच्या पोशाखाखाली घालण्याजोगे वस्त्र तयार केले होते, त्याचे पेटंट मिळविले, आणि पुढे ते हक्क वॉर्नर या कॉर्सेट करणाऱ्या कंपनीस १,५०० डॉलरला विकून टाकले. कंपनीने त्यावर किती मिळविले हे पाहता हा सौदा तिला फारच स्वस्तात पडला असे म्हणावे लागते. परंतु आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे वर्ष १९३२ हे होय. तोपर्यंत ब्रा नुसत्या छातीच्या आकड्यावर विकल्या जात. त्या वर्षी एस. एच. कँप या अमेरिकी कंपनीने ए, बी, सी, डी ही अक्षरे स्तनांच्या आकारमानास लावली, आणि काही वर्षांत वॉर्नर आदी कंपन्यांनी कपांची स्वतंत्र मापे सर्रास सुरू केली. याचा अर्थ असा की शिवाजीनगरच्या दुकानात ‘छत्तीस द्या’ एवढेच सांगणारी बाई, स्वतःच्या नकळत, १९३२ पूर्वीच्या बाजारात उभी असते.

दोन मापे का लागतात, याचे उत्तर शरीररचनेत आहे. स्तन हे छातीच्या स्नायूवर, साधारणतः दुसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या दरम्यान विसावलेले असतात. त्यांत ग्रंथी असतात, मेद असतो, आणि त्वचेपासून खोलवर गेलेले तंतुमय बंध असतात. १८४० साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या सर ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाचे नाव त्या बंधांना दिलेले आहे. स्वतःला उचलून धरील असा एकही स्नायू मात्र त्यांत नसतो. म्हणजे व्यायामाने दंड कमावता येतो तसा येथे इलाज नाही, आणि भार पेलावयाचा तर तो बाहेरच्या वस्त्राने. हा भार कोठे टाकावयाचा, हा ब्राच्या बांधणीतील मुख्य प्रश्न होय. सामान्य समजूत अशी की खांद्यावरच्या पट्ट्या तो उचलतात. परंतु उत्तम बसलेल्या ब्रात बहुतांश भार बरगड्यांभोवती फिरणारा आडवा पट्टा वाहतो, आणि खांदापट्ट्यांचे काम कप जागच्या जागी उभे ठेवण्यापुरते असते. पट्टा सैल असेल तर भार आपसूक खांद्यावर जातो, पट्ट्या मांसात रुततात, मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू ताठतात, आणि संध्याकाळी ब्रा काढल्यावर खांद्यावर ज्या दोन तांबड्या खाचा दिसतात त्या वयाच्या किंवा वजनाच्या माथी मारल्या जातात.

आता बरगड्यांचा घेर आणि छातीचा पूर्ण घेर या दोन भिन्न बाबी आहेत, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येकीचे निराळे असते. दोघी स्त्रियांचा छातीचा घेर छत्तीसच इंच भरला, परंतु एकीच्या बरगड्या बत्तीस इंचांच्या व दुसरीच्या एकोणतीस इंचांच्या असल्या, तर पहिलीचे अंग रुंद आणि स्तन बेताचे, दुसरीचे अंग सडपातळ आणि स्तन भरदार असणार, हे सांगावयास नको. दोघींनाही एकाच खोक्यातली वस्तू देणे म्हणजे नुसत्या लांबीवरून शेताचे क्षेत्र दप्तरात नोंदविण्यासारखे आहे. अक्षराविषयी एक गैरसमज यातूनच उद्भवतो. ‘डी’ म्हणजे अवाढव्य, असे धरून अनेक जणी त्या खोक्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वस्तुतः अक्षर हे दोन घेरांतील फरकाचे चिन्ह आहे, आणि ३० च्या पट्ट्यावरचा डी हा ३८ च्या पट्ट्यावरच्या डीपेक्षा कितीतरी लहान असतो.

मोजणीची रीत अगदी सोपी आहे. शिवणकामाची फीत घेऊन, आरशासमोर उभे राहून, स्तनांच्या लगत खाली बरगड्यांभोवती ती जमिनीस समांतर फिरवावी आणि श्वास सोडून, बेताची आवळून, आकडा टिपावा; मग मऊ, विनापॅडची ब्रा घालून छातीच्या सर्वांत भरल्या भागावरून फीत फिरवावी, या वेळी मात्र मुळीच न आवळता. पाठीमागे फीत खाली घसरते आणि माप चुकते, म्हणून बहीण, जाऊ किंवा मैत्रीण मदतीस असल्यास उत्तम. येथवर मतभेद नाही. मतभेद आहे तो पुढच्या हिशेबात. समजा खालचा घेर ३० इंच आणि वरचा ३७ इंच भरला. जुनी रीत सांगते की खालच्या घेरात चार मिळवावे म्हणजे पट्टा ३४ चा झाला, आणि ३७ मधून ३४ वजा जाता उरलेले तीन इंच म्हणजे तिसरे अक्षर. माप ३४ सी. नवी रीत सांगते की मिळवणी मुळीच करू नये. पट्टा ३० चाच, फरक सात इंचांचा, आणि माप ब्रिटिश कोष्टकाप्रमाणे ३० एफ. एकच शरीर, एकच फीत, आणि दोन उत्तरे इतक्या अंतरावर की गिऱ्हाइकाने कपाळाला हात लावावा.

ही मिळवणी आली कोठून? ती पडली त्या काळी कापड फारसे ताणले जात नसे, म्हणून बसण्या-उठण्यास व श्वासोच्छ्वासास जागा ठेवावी लागे, असे तिचे समर्थन करतात. पुढे १९५८ साली ड्यू पाँटच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने स्पँडेक्स हा ताणून पुन्हा मूळपदावर येणारा धागा शोधला, पट्टे लवचिक झाले, आणि चार इंचांचे कारण उरले नाही. आकडा मात्र रिवाज म्हणून राहिला. याचा पुरावा हवा असेल तर परदेशी ब्राची चिठ्ठी पाहावी. युरोपात ज्या मापाला ७५ म्हणतात, त्यालाच इंग्लंड-अमेरिकेत ३४ म्हणतात. युरोपचा ७५ हा आकडा बरगड्यांच्या घेराचे सेंटिमीटर सरळ सांगतो, आणि ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. उरलेले साडेचार इंच ही ती जुनी मिळवणीच होय. त्यातून आपल्याकडच्या कित्येक खोक्यांवर ३४ च्या शेजारी ८५ सेंटिमीटर छापलेले असते, ते तर ३४ इंचांचे नुसते रूपांतर. त्यामुळे युरोपच्या ८५ शी त्याची गाठ घालू जाणाऱ्या बाईच्या हाती दोन मापे मोठी वस्तू पडते. इंग्लंडातील अनेक जाणत्या विक्रेत्यांनी मिळवणीची रीत केव्हाच टाकली. आपल्याकडे दोन्ही रीती एकत्र नांदतात, आणि कोणती कंपनी कोणत्या रीतीने चालते याचा खुलासा तिच्या कोष्टकातच सापडतो. म्हणून हिशेबाने आलेला आकडा हा अंतिम निवाडा न समजता चौकशीचा आरंभ समजावा. वरच्या उदाहरणातील स्त्रीने ३२ च्या पट्ट्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंस चाचपडत गेल्यास तिला तिचे माप बहुधा वाटेतच भेटेल.

चाचपडताना उपयोगी पडणारा एक संबंध असा की पट्टा एका मापाने लहान घेतला तर अक्षर एकाने वाढवावे, आणि पट्टा मोठा घेतला तर अक्षर एकाने घटवावे. कपातील जागा तेवढीच राहते. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींत कपांची धारणशक्ती सारखी आहे, फरक आहे तो पट्ट्याचा. आपल्या बाजारात ३६ बीची गर्दी आणि ३२ डीचा दुष्काळ का, याचे उत्तर येथे मिळते. बारीक अंगाच्या, भरल्या छातीच्या स्त्रीला कपात जागा हवी असते. अक्षर बदलता येते हे तिला ठाऊक नसते, किंवा मोठे अक्षर दुकानात नसते, म्हणून ती आकडा वाढवीत जाते. कप पुरतो, पट्टा लोंबतो, पाठीमागे मानेकडे चढतो, आणि ती खांदापट्ट्या आवळून ही तूट भरून काढू पाहते. दुकानदार म्हणतो ३२ डी कोणी मागतच नाही. मागणार कशी, तिला कोणी मोजलेलेच नाही.

वस्तू अंगावर चढल्यावर तिची परीक्षा कशी करावी, याकडे आता वळू, कारण फितीपेक्षा आरसा अधिक खरे बोलतो. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावून पाहावी. पट्टा धुण्या-ताणण्याने हळूहळू सैल होतोच, तेव्हा आतल्या दोन रांगा पुढच्या काळाची बेगमी म्हणून राखून ठेवावयाच्या असतात, आणि नवीकोरी वस्तूच आतल्या हुकावर लावावी लागली तर ती मोठी आहे असे खुशाल समजावे. मग किंचित पुढे वाकून, काखेखालचा जो भाग कपाबाहेर राहून जातो तो हाताने अलगद आत घ्यावा. ही कृती कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच ‘काखेत चरबी आली’ अशी तक्रार करणाऱ्या कित्येकींच्या बाबतीत ती चरबी नसून कपात न मावलेला स्तनच असतो. सरळ उभे राहिल्यावर पट्टा पुढून-मागून एका पातळीत असावा, त्याखाली दोन बोटे जावीत पण मूठ जाऊ नये. दोन कपांमधील पट्टी छातीच्या हाडाला टेकलेली असावी, अधांतरी नसावी. तार असल्यास ती स्तनाच्या मुळाशी वळसा घेऊन काखेच्या दिशेने जावी, स्तनावर चढू नये. वरच्या कडेवर मांस उसळून ब्लाउजखाली दोनाचे चार उंचवटे दिसले तर कप लहान. कापडाला चुण्या पडल्या तर मोठा. अखेरीस दोन्ही खांदापट्ट्या खाली सोडाव्यात आणि पाहावे : पट्टा जागेवर राहिला तर भार योग्य ठिकाणी आहे, घसरला तर तो आजवर खांद्यांनी वाहिला. हात वर करून, खुर्चीवर बसून, जिना चढल्यासारखे पाय उचलूनही एकदा पाहावे, कारण बाई दिवसभर आरशासमोर उभी नसते. दोन्ही बाजू सारख्या नसणे हेही नैसर्गिक आहे. मोठ्या बाजूस कप बसवावा आणि लहान बाजूची पट्टी किंचित आखडावी.

चुकीचे माप घालणाऱ्यांचे प्रमाण किती, याविषयी नाना आकडे फिरतात. त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी लहान पाहण्या आहेत. उदाहरणार्थ, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात १८ ते २६ वयाच्या ३० तरुणी तपासल्या असता शेकडा ८० जणींची ब्रा चुकीच्या मापाची निघाली, आणि त्यांतही बहुसंख्येची ती लहान पडत होती. तीस तरुणींवरून जगाविषयी सिद्धान्त मांडणे साहसाचे होईल. परंतु ज्या देशात मोजून देणारी दुकाने सहज आढळतात तेथे ही स्थिती, तर जेथे आकडा कुजबुजून वस्तू कागदात गुंडाळली जाते तेथे ती याहून बरी असेल असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.

काही भये मात्र निराधार आहेत आणि ती एकदाची निकालात काढलेली बरी. ब्राने, विशेषतः तारेच्या किंवा काळ्या रंगाच्या ब्राने, कर्करोग होतो ही आवई १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने विशेष पसरविली. २०१४ साली सिअॅटल येथील फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने कर्करोग झालेल्या १,०४४ आणि न झालेल्या ४६९ वयस्क स्त्रियांची तुलना केली. कोणत्या वयापासून घातली, दिवसाचे किती तास घातली, तारेची होती की बिनतारेची, कोणत्याही अंगाने संबंध आढळला नाही. ज्याची खरोखर काळजी करावी ते त्रास सामान्य, रोजचे आहेत : भरल्या छातीच्या स्त्रियांची मान व पाठ दुखणे, आणि घामाच्या दिवसांत स्तनांखालच्या घडीत कातडी लाल होऊन खाजणे, प्रसंगी बुरशीचा संसर्ग होणे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे अधिक. बंगळूरची हवा त्या मानाने सौम्य, तरी पावसाळ्यात तीही फसविते.

या दुसऱ्या त्रासाला आपली एक वहिवाट पुष्कळ अंशी जबाबदार आहे. घरात सर्वांचे कपडे दोरीवर उघडे वाळतात, पुरुषांचे गंजीफ्रॉकही राजरोस झुलतात, आणि ब्रा मात्र टॉवेलाखाली किंवा परकराच्या घडीत दडवून वाळत घालावी असा दंडक असतो. सासूबाईंनी पाहू नये, समोरच्या गच्चीवरून कोणाची नजर जाऊ नये. परिणामी ती धड वाळत नाही, दमट राहते, आणि तशीच दुसऱ्या दिवशी अंगावर चढते. कडक उन्हाने लवचिक धागा खराब होतो हे खरे, म्हणून सावलीत पण मोकळ्या वाऱ्यावर ती टांगावी. पिळू नये, कपाला मुडपू नये, गरम पाण्यात भिजवू नये. एकच ब्रा रोज न घालता तीन-चार आलटून पालटून वापरल्यास पट्ट्याला मूळपदावर येण्यास अवसर मिळतो. आतल्या हुकावरही पट्टा वर सरकू लागला, की ती वस्तू कितीही नवी दिसो, तिचे आयुष्य संपले.

शरीरही एका मापावर थांबत नाही. मुलगी वयात येत असताना आई बहुधा एकदा मोजल्यासारखे करते आणि तोच आकडा लेकीच्या जन्माला चिकटतो. लग्नानंतर, गर्भारपणी, अंगावर पाजताना, पाजणे थांबल्यावर, पाळी जाण्याच्या सुमारास, आणि वजनात चार-पाच किलोंचा फरक पडला की प्रत्येक वेळी, फीत पुन्हा हाती घेणे आवश्यक असते. पाजणाऱ्या आईला घट्ट तार विशेष बाधते, कारण एका जागी सतत दाब पडल्यास दुधाच्या वाहिन्या तुंबण्याचा संभव असतो. धावणाऱ्या मुलींचा प्रश्न निराळा. धावताना स्तन वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांनी हलतात, आणि नेहमीची ब्रा त्याला पुरी पडत नाही. १९७७ साली अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंच्या दोन लंगोट-पट्ट्या एकमेकींना शिवून पहिली खेळाची ब्रा बेतली, हा इतिहास कबन पार्कात पहाटे धावणाऱ्या मुलींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. लहान छातीस नुसती दाबून धरणारी पुरते. भरदार छातीस प्रत्येक बाजू स्वतंत्र कपात धरणारी घ्यावी.

या सर्व प्रकरणी बंगळूरची जागा मोठी विलक्षण आहे. जॉकी या नावाने अंतर्वस्त्रे करणाऱ्या पेज इंडस्ट्रीजचे मुख्य ठाणे याच शहरात. २०११ साली रिचा कर यांनी झिवामे ही, घरबसल्या ब्रा मागविण्याची सोय करणारी कंपनी काढली तीही येथेच, आणि तिच्या यशाचे एक उघड कारण असे की संगणकाला छत्तीस सांगताना आवाज खाली आणावा लागत नाही. पीण्या, बोम्मनहळ्ळी आणि म्हैसूर रस्त्याच्या बाजूस असलेल्या कपड्यांच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया दिवसभर यंत्रावर बसतात, परदेशी मापांच्या चिठ्ठ्या शिवतात, एका सुताचा फरक पडला तर तपासनिसाकडून तुकडा परत येतो. आणि सुटीच्या दिवशी त्याच बाया शिवाजीनगरात येऊन आपल्यासाठी खोक्यावरचा आकडा पाहून, अक्षराकडे लक्ष न देता, पिशवी भरून नेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या पगारात आणि त्या गर्दीत निवडीला वाव किती?

तरीही या बाजारात योग्य माप मिळविणे अशक्य मुळीच नाही, थोडी तजवीज मात्र हवी. संध्याकाळ आणि रमजानचे दिवस टाळून सकाळी दुकाने नुकती उघडत असताना जावे, कारण त्या वेळी गिऱ्हाईक थोडे आणि दुकानदाराला सवड असते. शक्य तर स्त्री विक्रेती असलेले, आणि आडोशाची खोली असलेले दुकान निवडावे. घरून दोन्ही मापे कागदावर लिहून न्यावीत आणि तो कागदच पुढे करावा, म्हणजे कुजबुजण्याचा प्रसंगच येत नाही. जेथे घालून पाहण्याची सोय नाही तेथे पैसे देण्यापूर्वीच बदलून मिळेल काय, हे स्पष्ट विचारावे, आणि मिळत असल्यास लगतच्या मापांच्या दोन घेऊन, घरी पातळ बनियनवर घालून पाहून, चिठ्ठी न काढता, एक परत करावी. दर्जा पारखताना रंग व लेस मागाहून पाहावी. आधी पट्टा दोन्ही हातांनी ताणून सोडावा आणि तो तत्परतेने परत येतो की आळसावतो ते पाहावे, हुकांची टोके कापडात नीट झाकली आहेत ना आणि तारेच्या दोन्ही टोकांना शिलाई पक्की आहे ना, यावर बोट फिरवावे.

एवढे करूनही पट्टा थोडा कमी-जास्त झालाच, तर शिवणसामानाच्या दुकानात हुकांची जोडपट्टी अल्प किमतीत मिळते, ती मागे अडकवली की घेर इंच-दीड इंच वाढतो. आणि पट्टा सैल असेल तर गल्लीतला कोणताही शिंपी हुकांचा तुकडा उसवून, पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा कापून, तो पुन्हा जोडून देतो, दहा मिनिटांचे काम. खांदापट्ट्याही नव्या लावून मिळतात. कपाचा घाट मात्र एकदा साच्यातून निघाला की या पेठेतल्या सर्वांत निष्णात कारागिरालाही तो बदलता येत नाही, तेव्हा दुकानात दोन ब्रांमध्ये मन अडले असता ज्या ब्राचा कप बिनचूक बसतो आणि पट्टा किंचित चुकतो, ती घ्यावी.